जिप्सीच्या डाव्या चाकातलं तेल : भांडुपच्या पार्किंगमधल्या नोंदी

गाडी आधी सांगतो. मारुतीची जिप्सी किंग, २००३ ची, १३०० सीसी पेट्रोल इंजेक्शनचं इंजिन, पुढे-मागे पाटे (पट्ट्यांच्या कमानीचे स्प्रिंग), मामाकडून २०१६ ला माझ्याकडे आली. इंजिन अजून ठणठणीत, त्याला हात लावायची वेळ आली नाही. कटकट सगळी खालची. २०१८ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा रजिस्ट्रेशन रिन्यू केलेलं, ते मे २०२३ ला संपत होतं, म्हणजे परत पासिंग, आरटीओची तपासणी. लिफ्ट नाही, गॅरेज नाही, सोसायटीचं पार्किंग आणि रविवार एवढंच हातात. चुकांसकट लिहितोय, निदान मी जिथे पैसे घातले तिथे दुसऱ्या कुणी घालू नयेत.

८ जानेवारी २०२३

ऐरोली पुलावर पन्नास-पंचावन्नला जॉइंटवरून गाडी गेली आणि स्टिअरिंग असं काही थरथरायला लागलं की दोन्ही हातांनी धरूनही ऐकेना. ब्रेक मारून तीसवर आणली तेव्हा थांबलं. शेजारी बायको होती, ती काही बोलली नाही, हे जास्त वाईट. हा प्रकार दिवाळीपासून अधूनमधून होत होता, आणि त्यावर मी आत्तापर्यंत काय काय केलंय ते लिहितो म्हणजे लाज वाटेल: बॅलन्सिंग दोनदा, अलाइनमेंट एकदा, नवीन स्टिअरिंग डॅम्पर. सगळे मिळून ४,३०० रुपये. डॅम्पर टाकल्यावर महिनाभर बरं वाटलं. डॅम्पर थरथर फक्त दाबून ठेवतो, कारण तिथेच राहतं, हे आता कळतंय.

शिवाय डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट काळा ओघळ. आणि ब्रेक मारला की गाडी उजवीकडे खेचते. तीन दुखणी वेगवेगळी धरून चाललो होतो मी.

१५ जानेवारी

आमच्याकडे तळमजल्यावर एक काका आहेत, बेस्टच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून रिटायर झालेले. मी जॅक लावताना बघून खाली आले. "तू आधी चाक हलवून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. चाक उचलून एक हात वर एक हात खाली धरून पुढे-मागे हलवलं तर टक टक असा स्वच्छ आवाज. मग काकांनी मला आत बसवून ब्रेक दाबून धरायला लावला आणि स्वतः परत हलवलं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन, म्हणजे ज्या पिनांवर चाक डावी-उजवीकडे वळतं त्या. राहिला. उजवीकडे पण थोडा आहे, डावीकडे भरपूर.

फुकटातली दोन मिनिटांची टेस्ट, आणि मी ४,३०० घालवून बसलेलो.

पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत, त्यांच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. स्टँड थेट ब्लॉकवर ठेवला तर एक पाय हळूहळू आत बसतो, माझा बसला, गाडी दोन बोटं कलली आणि पोटात गोळा आला. तेव्हापासून स्टँडखाली जाड फळी, शिवाय चेसीखाली काढलेलं चाक आडवं सरकवून ठेवतो. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली मान घालायची नाही, घाई कितीही असो.

२२ जानेवारी

सामान आणायला दिवस. ऑपेरा हाउसला नकलचा (एक्सलच्या टोकाचा, चाकाबरोबर वळणारा भाग) सील किट दोन्ही बाजूंचा मिळाला (फेल्ट, रबर आणि पत्र्याची रिंग एकत्र येते) १,३०० ला. आतल्या एक्सलचे सील १८० ला एक. किंगपिनची बेअरिंगं तिथे गाडीचं नाव सांगितलं की महाग सांगतात, म्हणून सरळ नागदेवीला गेलो आणि फक्त नंबर सांगितला, चार बेअरिंगं १,४०० ला चांगल्या कंपनीची. बेअरिंगला गाडी माहीत नसते. जुन्याच्या रिंगवरचा नंबर वाचून घेऊन जायचं, पुसट असेल तर नमुनाच खिशात घालायचा.

२६ जानेवारी

सुट्टी होती म्हणून डावी बाजू उघडली. आधी डिफचं, म्हणजे एक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं (डिफरन्शियल), तेल सोडलं. पुढच्या डिफमध्ये साधारण दोन लिटर बसतं, बाहेर आलं सव्वा लिटर, आणि रंग दूध घातलेल्या चहासारखा. म्हणजे पाणी. मागच्या पावसाळ्यात कुर्ल्याला एलबीएस रोडवर गुडघाभर पाण्यातून काढली होती, म्हटलं तेव्हा गेलं असेल. गेलं असेल, ठीक, पण कुठून गेलं, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. इथेच डोकं लावायला हवं होतं, पुढचे तीन महिने वाचले असते.

हबच्या मोठ्या नटाला आधीच्या कुठल्यातरी गॅरेजवाल्याने छिन्नी मारून मारून पार गोल केलेलं, कोपरे शिल्लकच नाहीत. मीही मग छिन्नीनेच सोडवला, दीड तास गेला, आणि नवीन नट घेताना त्याच्या मापाची गोटी (सॉकेट) लेथवाल्याकडून पाइपला वेल्ड करून घेतली, २५० रुपये.

कॅलिपर, डिस्क, हब, मग शाफ्ट बाहेर. नकलच्या आत खरं म्हणजे घट्ट ग्रीस असायला हवं. होता काळा पातळ रस्सा. बोटाने काढायला गेलो तर धार लागली. याचा अर्थ एक्सलच्या आतला सील गेलाय, डिफचं तेल नकलमध्ये उतरतंय, ग्रीस पातळ करतंय आणि बाहेरच्या सीलमधून डिस्कवर. ब्रेक खेचायचं कारण तेच, डाव्या पॅडवर तेल. किंगपिनच्या बेअरिंगांचं ग्रीसही धुऊन गेलेलं, खालच्या बेअरिंगच्या रिंगवर रोलरचे खड्डे पडलेले, नखाने चाचपले तरी लागत होते. तीन दुखणी नव्हतीच, एकच होतं.

मग माझी चूक. किंगपिनखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, शिम. वरच्या आणि खालच्या मी एकाच वाटीत टाकल्या. बायकोच्या चटणीच्या वाटीत, हा वेगळा गुन्हा. कुठली कुठून निघाली काही कळेना.

२९ जानेवारी

शिमचा हिशोब परत शून्यापासून. काकांचा उपाय: नकल सीलशिवाय बसवायची, टाय रॉड (दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा) सोडलेला ठेवायचा, आणि जिथे टाय रॉडचा एंड बसतो त्या भोकात वजनकाट्याचा हुक अडकवून सावकाश ओढायचं, नकल फिरायला लागते तेव्हाचा आकडा बघायचा. माझ्याकडे विमानाची बॅग मोजायचा डिजिटल काटा होता, तो चालला. आकडा वर्कशॉप मॅन्युअलशी जुळवायचा, शिम काढली की घट्ट होतं, घातली की सैल. पहिल्यांदा पाव किलोलाच नकल फिरली. एक शिम काढली, खाली घट्ट. परत अर्धी जाड घातली. असं सात वेळा बोल्ट सोडून-लावून शेवटी दीड किलोच्या आसपास आलं. सकाळी नऊला बसलो ते अडीचला जेवायला वर गेलो. वाटीला टेप लावून "वर-डावी" असं लिहिलं असतं तर हे काम वीस मिनिटांचं.

एक्सलचा सील मात्र मी घाईत हातोडी आणि लाकडाचा तुकडा घेऊन ठोकला. बसला. एका बाजूने किंचित आत गेल्यासारखा वाटला, म्हटलं चालतंय.

५ फेब्रुवारी

उजवी बाजू. या वेळी चार वाट्या, चारही प्लॅस्टिकच्या. साडेचार तासांत झाली. उजवीकडचं ग्रीस जवळजवळ चांगलं होतं, पण उघडलंच आहे तर सगळं बदललं. ब्रेक पॅड नवीन दोन्हीकडे, ९५०. तेलात भिजलेला पॅड पेट्रोलने पुसून, घासून परत लावायचा सल्ला एकाने दिला होता, लावू नका, आत मुरलेलं तेल गरम झाल्यावर परत वर येतं.

संध्याकाळी ऐरोली पुलावर जाऊन आलो, साठ, सत्तर, एकदा पंच्याहत्तर. स्टिअरिंग गप्प. घरी येऊन वाटलं झालं सगळं, पासिंगपर्यंत आता फक्त पत्रा.

२६ फेब्रुवारी

डावीकडे परत ओघळ.

मी शंका म्हणून रोज रात्री डाव्या चाकाखाली एक पुठ्ठा सरकवत होतो, सकाळी जे थेंब पडलेले असतील त्यांना पेनाने गोल करून तारीख घालायची. पहिले दहा दिवस कोरडे. मग एक, मग तीन, आणि काल कर्जतहून आल्यावर अकरा. गंमत अशी की गाडी आठवडाभर उभी असली की थेंब नाही, लांब जाऊन आलं की आहे. हे पुठ्ठ्यावर ढळढळीत दिसत होतं. मी तरी निष्कर्ष काढला की सील तिरका बसला.

१२ मार्च

परत उघडलं. सील तिरका होताच, एक दीड मिलिमीटरचा फरक. त्यामुळे मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. या वेळी सीलच्या बाहेरच्या मापाचा पाइपचा तुकडा लेथवाल्याकडून तोंड सरळ करून आणला (८० रुपये), आणि त्याने चारी बाजूंनी सारखा दाबत बसवला. शिवाय शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठाने एक चर पाडलेली दिसली, नखाला लागण्याइतकी. नवीन सील बरोब्बर तिथेच बसला तर उपयोग नाही, म्हणून तो दोनेक मिलिमीटर कमी आत बसवला, ओठ चरीच्या बाजूला कोऱ्या जागेवर टेकेल असा. ही युक्ती कामाची आहे, शाफ्ट बदलण्यापेक्षा फारच स्वस्त.

ग्रीस, तेल परत नवीन. खर्च ९०० आणि अख्खा रविवार.

१९ मार्च

तेलापासून सुट्टी, पाट्यांचं काम. पुढचा डावा पाटा बसलाय, उजव्यापेक्षा गाडी दीड इंच खाली. सोडताना शॅकलची (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी कडी) पिन बुशमध्ये गंजून एकजीव झालेली, ग्राइंडरने कापली. रविवारी दुपारी ग्राइंडर, सेक्रेटरी बाल्कनीत आले. दोन ते चार ग्राइंडर बंद असं ठरलं, त्यांचंही बरोबर आहे.

दोन्ही पाटे कुर्ल्याच्या कमानवाल्याकडे न्यायचे होते आणि गाडी तर पाट्यांशिवाय लाकडावर उभी. रिक्षावाला पाटे बघून थांबेना. शेवटी गोणपाटात गुंडाळून भांडुपहून लोकलच्या लगेजच्या डब्यात घातले, माशांच्या पाट्या आणि माझे पाटे शेजारी शेजारी. कुर्ला स्टेशनचा जिना एकेक पाटा घेऊन दोन खेपांत. कमानवाला म्हणाला एक पट्टी जास्त टाकू का, मी म्हटलं टाका. टाकायला नको होती.

२६ मार्च

पाटे परत लावले, बुश आणि यू-बोल्ट नवीन. बुशांचे शेवटचे नट गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळले, हवेत आवळले तर बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. काम नीट झालं, पण गाडी पुढून बैलगाडी झालीय. प्रत्येक खड्डा दातात. दोन्हीकडची ती जादा पट्टी १ एप्रिलला काढून टाकली, उंची अर्धा इंच कमी झाली, चालेल. एकूण ३,९०० आणि पट्टीपायी एक शनिवार. यू-बोल्ट शंभर किलोमीटरनंतर परत आवळले, प्रत्येकाने जवळपास पाव फेरा घेतला, तेव्हा हे विसरू नका.

९ एप्रिल

पुठ्ठा: काल मुरबाडपर्यंत जाऊन आलो, सकाळी सात थेंब.

मी पुठ्ठा घेऊन तसाच काकांच्या दारात गेलो. त्यांनी चष्मा लावून तारखा वाचल्या, कुठल्या दिवशी कुठे गेला होतास ते विचारलं, आणि म्हणाले, "गरम झाल्यावरच गळतंय ना? मग हवा कुठून बाहेर जाते ते बघ."

एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला एक बोटाच्या पेराएवढी टोपी असते, ब्रीदर. गाडी चालली की डिफ तापतं, आतली हवा फुगते, ती या टोपीतून निघून जायला हवी. माझी टोपी चिखल आणि जुन्या ग्रीसच्या गोळ्याखाली होती, मी इतक्या वेळा त्या एक्सलशेजारी आडवा झालो आणि मला तो चिखलाचा गोळाच वाटत होता. तारेच्या ब्रशने घासली, काढली, तोंड लावून फुंकली. गच्च. दगड फुंकल्यासारखं. म्हणजे तापल्यावर हवेला बाहेर पडायला जागा एकच, सीलच्या ओठाखालून, आणि जाताना तेल घेऊन. आणि उलटं, गरम एक्सल पावसाच्या पाण्यात बुडला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी ओढून घेते. दूध घातलेला चहा तो. २६ जानेवारीला उत्तर माझ्या हातातल्या डब्यात होतं.

टोपी रॉकेलमध्ये भिजवली, सुई घातली, आतला तुकडा गंजलेला. गेली ती.

१६ एप्रिल

ब्रीदर वर नेला. एक्सलवरच्या भोकाचे आटे कुठल्याच तयार निपलला बसेनात, लेथवाल्याने जुन्या टोपीवरून मोजून पितळी निपल करून दिला, १५० रुपये. त्याला आठ एमएमची पेट्रोलची नळी, चेसीला टाय मारत मारत वर इंजिनच्या मागच्या पत्र्यापर्यंत, टोकाला स्कूटरचा छोटा पेट्रोल फिल्टर म्हणजे धूळ जायला नको. नळीला मध्ये झोळ राहू द्यायचा नाही, पाणी साठलं की परत बूच. आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, चाक उचलून-सोडून बघायचं नळी ताणत नाही ना, एक्सल वर-खाली होतो, चेसी होत नाही. मागच्या एक्सललाही तसंच केलं, तिथली टोपी अर्धवट चालू होती.

फिल्टर, नळी, निपल, टाय, सगळं मिळून दोन्ही एक्सलचे ६२० रुपये.

डावा सील तिसऱ्यांदा बदलला, दाबाने ओठ बाहेर वळलेला होता. आता हात बसलाय, अडीच तास.

३० एप्रिल आणि १ मे

पत्रा. ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट उचलला तर खाली डांबराचा शीट, शीटखाली ओल, ओलीखाली रस्ता. मामाच्या वेळच्या कुठल्यातरी डेंटरने भोकावर जाळी आणि लांबी (पुट्टी) थापून वर डांबर मारलेलं, गंज आतल्या आत निवांत पसरला. मुंबईच्या हवेत लांबीखालचा गंज थांबत नाही. वाजवून बघत गेलो, टणटण आवाज येईपर्यंत कापलं, भोक हाताच्या पंजाएवढं वाटत होतं ते पेपरच्या अर्ध्या पानाएवढं झालं. १८ गेजचा पत्रा, वेल्डर घरी बोलावून १,८००. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडली आणि इंजिनचा कंप्युटर काढून घरात नेला. चेसीच्या कडेने जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीवर ओलं गोणपाट, हातात पाण्याची बादली घेऊन मी, आणि एकदा ती बादली लागली. गोणपाटाचं टोक पेटलं होतं. वेल्डरने वर पाहिलंही नाही.

झिंक प्रायमर खालून-वरून, सांध्यांना सीलंट, रंग, आणि डांबराचा शीट परत टाकला नाही. आवाज वाढलाय. ओल दिसते तरी.

११ मे

वडाळ्याला पासिंग झालं. रिन्यूअलची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली होती, पेट्रोल गाडीचा पर्यावरण कर तेव्हा ३,००० होता, पाच वर्षांसाठी. लायटी, हॉर्न, ब्रेक, वायपर बघितले. माझा एक मागचा रिफ्लेक्टर निघालेला तो तिथेच बाहेरून ४० रुपयांत लावला. ब्रेक आता सरळ लागतो.

४ जून

पुठ्ठा बदलला, जुना वॉचमनने रद्दीत दिला. चार महिन्यांच्या तारखा गेल्या, पण फोटो होता. १६ एप्रिलनंतर माळशेज एकदा, कर्जत दोनदा, डावीकडे एक थेंब नाही.

खर्च बेरीज केली. रजिस्ट्रेशन सोडून १७,४०० च्या आसपास, त्यात ४,३०० पहिल्या मूर्खपणाचे, हजारेक दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा टाकलेल्या तेल-ग्रीस-सीलचे. दुसऱ्या कुणाच्या जिप्सीची नकल पाझरत असेल तर सील आणायला जाण्याआधी ब्रीदर काढून फुंकून बघा.

२५ जून

पाऊस आज आला, यंदा दोन आठवडे उशिरा. मी तेवढ्यात स्टिअरिंग बॉक्सचा सील करून घेणार होतो, केला नाही. संध्याकाळी भांडुप स्टेशनच्या रस्त्याला साचलं होतं तिथून मुद्दाम दोनदा गेलो, चाकाच्या मध्यापर्यंत पाणी.

२ जुलै

डिफच्या भरायच्या बोल्टमधून बोट घालून तेल बघितलं. सोनेरी, पातळीला. काकांना बोट दाखवायला गेलो, ते म्हणाले आधी हात धू. पुठ्ठ्यावर एक नवीन थेंब आहे, पण मधोमध, ट्रान्सफर केसखाली (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारा गिअरचा डबा). पेनाने गोल केलाय.